नवे बी आणि दुसरे वर्ष



दरवर्षी मे महिना आला की आपल्यापैकी कितीतरी मंडळ्यांकडून बियाण्यासाठी दान येते. कोणी महिला मंडळाने खाद्यपदार्थ विकून जमवलेले असते, कोणी कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आलेल्या धान्याच्या लिलावातून. सोबतच्या पत्रात एक प्रश्न हमखास असतो : "यंदा किती कुटुंबांना बी वाटले?" प्रश्न रास्त आहे. बरीच वर्षे मी त्याचे उत्तर आकड्यात देत आलो, आणि आकडा मोठा असला की मलाही बरे वाटायचे. या अभ्यासलेखात मला एवढेच सांगायचे आहे की तो प्रश्न अपुरा आहे. त्याच्या जोडीला दुसरा एक विचारायला हवा : "मागच्या वर्षी ज्यांना बी दिले, त्यांच्यातल्या किती जणांनी यंदा तेच बी स्वतःहून पेरले?"

हा धडा मी वर्गात शिकलो नाही. एका घराने त्याची किंमत मोजली, तेव्हा शिकलो.

माझी चूक

कृषी पदविका घेऊन मी सेवाकार्यात आलो, तेव्हा मोखाडा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तालुक्यातल्या एका डोंगराळ पाड्यावर मला भातबियाणे वाटायचे काम मिळाले. मी निवडलेला वाण होता 'जया'. हा वाण वाईट मुळीच नाही. १९६८ साली तो प्रसारित झाला आणि सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत त्याने पुष्कळ घरांच्या कणग्या भरल्या. शिकताना मी त्याच्या उत्पन्नाचे आकडे पाठ केले होते. पाड्यावर मी तेच आकडे सांगितले.

तिथे एका आजीचे घर होते. उतारावर बांध घालून केलेली दोन खाचरे, मिळून वीसेक गुंठे, आणि वर वरकस माळावर नागली-वरई. आजीने माझी पिशवी हातात घेतली, दाणे तळव्यावर ओतून पाहिले आणि एकच विचारले, "हा कापायचा कधी?" त्या भागात वडीलधारी माणसे सगळ्यांनाच 'अरे-तुरे' करतात, आणि त्यात माया असते. मी म्हटले, "दिवाळीच्या आसपास, आजी. चार-आठ दिवस मागेपुढे." आजी गप्प झाली. तिचा मुलगा मात्र उत्साहात होता. तो म्हणाला, एका खाचरात लावून पाहतो. मीच त्याला भरीस घातले : "थोडे कशाला? दोन्हीत लाव."

श्रावणात पीक पाहून डोळे निवले. हिरवेगार, एकसारखे, भरपूर फुटवे आलेले. मी छायाचित्र काढले. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस गेला तो गेलाच. लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. उताराच्या खाचरातले पाणी आठवड्यात उतरले, जमिनीला भेगा पडल्या. दाण्यात दूध भरायच्या वेळी मुळाला ओल नव्हती. झोडणीच्या दिवशी खळ्यावर जे पडले त्यात निम्म्याहून जास्त पळंज होते. सुपाने पाखडले की उडून जायचे.

ज्या घरात स्वतःचा भात होळीपर्यंत पुरायचा, तिथे तो नाताळाआधीच संपला. मुलाने वीटभट्टीच्या मुकादमाकडून नेहमीपेक्षा मोठी उचल घेतली आणि दिवाळी होताच सगळे घर भट्टीवर गेले. चौथीत शिकणारी नातही गेली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवे होते. ती पुन्हा शाळेत बसली नाही. मी काढलेले हिरव्यागार शेताचे छायाचित्र मात्र तोवर आपल्या अंकात छापून आले होते.

पावसाळ्याआधी ते घर परतले, तेव्हा मी क्षमा मागायला गेलो. आजी म्हणाली, "बी चांगलं होतं रे भाऊ. पण त्याला आमचा माळ कोणी दाखवला नव्हता." थोड्या वेळाने तिने हेही सांगितले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

पेरणाऱ्याचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. त्यात बी एकच आहे आणि जमिनी चार प्रकारच्या. त्या दाखल्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो बदलायचा मला अधिकार नाही. पण शेतीच्या कामात मी तो उलटा लावत होतो. माझे बी चांगलेच आहे असे गृहीत धरायचे, आणि उगवले नाही की जमिनीला, म्हणजे माणसांना, बोल लावायचा : हे लोक मागासलेले आहेत, नवे काही घेत नाहीत. खरी गोष्ट वेगळी होती. आजी नाही म्हणत होती ती हिशेब करून, आणि तिचा हिशेब माझ्यापेक्षा बरोबर होता.

दिवसांचा हिशेब

तो हिशेब आपणही करून पाहू. कोकणातला शेतकरी भाताचे तीन भाग पाडतो : हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे म्हणजे साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होणारे, निमगरवे त्याहून पंधरा-वीस दिवस उशिराचे, आणि गरवे १४० दिवसांच्या आसपासचे किंवा त्यापुढचे. भात फुलोऱ्यावर आल्यापासून पिकेपर्यंत सुमारे महिना लागतो, आणि त्या महिन्यात त्याला पाणी लागतेच.

समजा १५ जूनला राबात, म्हणजे रोपवाटिकेत, बी टाकले. ११० दिवसांचे हळवे भात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापायला येते. दाणा भरतो तेव्हा पाऊस अजून चालू असतो. १३५ दिवसांचे भात मात्र सप्टेंबरच्या शेवटी फुलते. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडून पाऊस परततो. नदीकाठच्या खोल खाचरात ओल टिकते, तिथे हे भात साधते आणि हळव्यापेक्षा जास्त देते. उतारावरच्या उथळ जमिनीत ते उपाशी राहते.

दुसरी गोष्ट भुकेची. श्रावण-भादव्यात घरातले मागचे धान्य संपलेले असते आणि नवे आलेले नसते. अशा वेळी पंधरा दिवस आधी पिकणारे भात म्हणजे पंधरा दिवस कमी उधारी. तिसरी गोष्ट, दिवाळीनंतर घरे भट्टीवर जातात. तोवर कापणी-झोडणी होऊन धान्य कणगीत पडलेले हवे. आजीच्या त्या एका प्रश्नात हे सगळे होते.

तीन शब्द नीट समजून घेऊ

आपल्या पत्रांत 'संकरित बी', 'सुधारित बी' हे शब्द एकाच अर्थाने येतात. दान देताना त्यांतला फरक माहीत असावा.

गावठी बी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावात निवडत, राखत आलेले. ते उत्पन्न कमी देईल, पण तिथल्या पावसाची आणि मातीची परीक्षा ते अनेकदा पास झालेले असते.

सुधारित बी म्हणजे संशोधन केंद्रात निवड किंवा संकर करून, गुण स्थिर करून दिलेला सरळ वाण. कर्जतच्या केंद्राचे 'कर्जत-३', 'कर्जत-७' हे भाताचे वाण, नागलीतले 'दापोली-१', 'फुले नाचणी' हे असे आहेत. भात आणि नागलीत परागीकरण बहुतेक त्याच फुलात होते, म्हणून या वाणांचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते. भेसळ वाढू नये म्हणून साधारण तीन वर्षांनी ताजे बी आणले की झाले.

संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. त्याचा जोर त्या एका हंगामापुरता. पुढच्या वर्षी त्याच पिकातले दाणे पेरले तर रोपे सारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटते. म्हणजे दरवर्षी बी विकत घेणे आले. हाती रोख पैसा नसलेल्या घराला आपण एक वर्ष संकरित बी फुकट दिले आणि दुसऱ्या वर्षी थांबलो, तर त्याला आपण दुकानाच्या दारात नेऊन सोडले असे होते.

घर काय काय तोलते

आपण वजनकाट्यावर दाणे मोजतो. घर त्याहून पुष्कळ काही मोजते.

१९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-८' हा वाण दिला. इंडोनेशियातला उंच 'पेटा' आणि तैवानमधला एक बुटका वाण यांच्या संकरातून तो आला. बुटका असल्याने खत दिले तरी तो लोळत नसे, आणि म्हणून जास्त खत पचवून जास्त दाणे देत असे. 'जया'सुद्धा याच बुटक्या घराण्यातला. पण बुटक्या भाताचा पेंढा कमी, आणि खताशिवाय त्याचा खरा जोर दिसत नाही. ज्या घरात दोन बैल उन्हाळाभर पेंढ्यावर जगतात आणि छपरालाही पेंढाच लागतो, तिथे ही घट म्हणजे प्रत्यक्ष तोटा. दाणे चार पायल्या वाढले आणि वैरण विकत घ्यावी लागली, तर फायदा कोणाचा?

चवीचेही तसेच. मावळात 'आंबेमोहोर' लोकांच्या जिभेवर होता, पण तो उंच, लोळणारा आणि कमी देणारा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ साली 'इंद्रायणी' दिला. त्याला वास आहे, भात मऊ होतो आणि उत्पन्नही चांगले येते. आज मावळातच नव्हे, तर शहरातल्या आपल्या घरांतही इंद्रायणी शिजतो. त्याच्या यशात ताटातल्या चवीचा वाटा मोठा आहे.

नागलीचा विचारही असाच करावा लागतो. ती नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे कीड लागत नाही, म्हणून गरिबाच्या घरी ती धान्याची बँक आहे. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणून बाळंतिणीला आणि लहान मुलांना ती हवी. नव्या भाताच्या नादाने आपण कोणाचा नागलीचा माळ कमी करू लागलो, तर आकडा वाढेल आणि घर दुबळे होईल.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट जोखमीची. ज्याची वीस एकर शेती आहे त्याने एक एकर गमावले तर तो चुकचुकतो. ज्याची वीस गुंठे आहे त्याने ती गमावली तर त्याची मुलगी शाळेतून उठते.

शेजारच्या राज्यांतला अनुभव

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान जिथे एकमेकांना भिडतात, त्या भिल्ल आदिवासी पट्ट्यात एक साधा प्रयोग झाला. आपल्या नंदुरबारच्या डोंगरांसारखाच हा मुलूख : उथळ जमीन, पावसावरची शेती. सुधारित वाण तिथे फारसे रुजले नव्हते. कामाला गेलेल्यांनी आधी लोकांना विचारले की तुम्हाला भातात काय हवे. मग त्या गरजांशी जुळणारे काही वाण शोधून थोडे थोडे बी शेतकऱ्यांच्या हाती दिले. सांगणे एवढेच की तुमच्या भाताशेजारी, तुमच्या पद्धतीने लावा आणि पाहा.

लोकांनी जो निवडला तो होता 'कलिंगा-३'. ओडिशातल्या कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचा हा लवकर येणारा वाण त्या तीन राज्यांत शिफारशीतही नव्हता. पाऊस जाण्याआधी पिकतो आणि दाणा बारीक, म्हणून लोकांना तो आवडला आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे पसरला. त्याचा दोषही त्यांनीच सांगितला : काडी नाजूक, लोळतो. पुढे कलिंगा-३ आणि आयआर-६४ यांच्या संकरातून, शेतकऱ्यांना निवडीत सोबत घेऊन, झारखंडमध्ये 'अशोका' नावाचे वाण तयार झाले. ज्यांना आपण 'नवे न घेणारे' म्हणत होतो, त्यांनी योग्य बी हाती पडताच ते घेतले, आणि पुढचे बी कसे हवे तेही सांगितले.

आता आम्ही काय करतो

आपल्या दानातून चालणारे बियाण्याचे काम आता असे चालते.

१. एप्रिलमध्ये पाड्यावर बसून विचारतो. कोणते खाचर किती दिवस ओल धरते? कापणी कधी व्हायला हवी? पेंढा किती लागतो? या बैठकीला बाया असल्याच पाहिजेत, कारण बी राखतात त्याच, आवणी करतात त्याच आणि शिजवतातही त्याच.

२. त्यांच्या उत्तरांवरून दोन-तीन वाण निवडतो. प्रत्येक घराला एका वाणाचे दोन-चार गुंठ्यांपुरतेच बी देतो. बाकीच्या जमिनीत त्यांचे नेहमीचेच पीक. कोणी जास्त मागितले तरी पहिल्या वर्षी देत नाही.

३. नवे आणि जुने एकाच खाचरात शेजारी-शेजारी, एकाच दिवशी, तेवढ्याच खतावर लावतात. नव्याला जास्त खत घालून जुन्याला हरवण्यात काही अर्थ नाही.

४. पेरणीआधी मिठाच्या पाण्याची परीक्षा सर्वांना दाखवतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि भाताचे बी त्यात ओतायचे. पोकळ दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. यात वाण नवाच पाहिजे असे नाही. गावठी बीसुद्धा एवढ्याने सुधारते.

५. कापणीच्या वेळी शेजारपाजारच्या घरांना बोलावून दोन्ही पट्ट्या वेगळ्या कापतो, वेगळ्या झोडतो, दाणे आणि पेंढा दोन्ही तोलतो. मग दोन्हींचा भात शिजवून सगळे जेवतात. मत तेव्हाच विचारतो.

६. पसंत पडला तर शेताच्या मधल्या भागातल्या चांगल्या लोंब्या निवडून, भेसळ काढून, बी कडक वाळवून वेगळे ठेवायला मदत करतो. नापसंत पडला तर तेही लिहून ठेवतो.

७. गावठी बी टाकून द्यायला कधीही सांगत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली, म्हणून २०२० साली त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज जे जुने वाटते तेच उद्या मोलाचे ठरू शकते, आणि नवा वाण घडवायलाही जुनेच बी लागते.

आजीच्या खाचरात

त्याच पाड्यावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पहिल्या वर्षी फक्त नऊ घरे तयार झाली. माझ्यामुळेच, हे मला ठाऊक होते. 'कर्जत-३' आणि 'कर्जत-७' असे दोन हळवे वाण दिले. 'कर्जत-७'चा दाणा लांब आणि बारीक. मला वाटले होते तोच आवडेल. शिजवल्यावर बायांनी 'कर्जत-३'कडे बोट दाखवले. आखूड, जाड दाण्याचा भात पोटात जास्त वेळ राहतो, कामाला जाताना तोच बरा, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या वर्षी मी बी न देता नुसता पाहायला गेलो. नऊपैकी चार घरांनी राखलेले बी पेरले होते. पाच घरांनी सोडून दिले होते, आणि त्यांची कारणे पटण्यासारखी होती. एकाच्या खाचरात रानडुकरांनी लवकर पिकलेले भात आधी गाठले होते. पण ज्यांना आम्ही बी दिलेच नव्हते अशा दोन घरांतही 'कर्जत-३' उभे होते. एकीने भावजयीकडून पायलीभर आणले होते, दुसऱ्याने मजुरीच्या बदल्यात घेतले होते. माझ्या अहवालात त्या वर्षी 'वाटप' या रकान्यात शून्य होते. सेवाकार्याच्या इतक्या वर्षांत मला सर्वांत समाधान देणारा अहवाल तोच.

आजीने एका खाचरात नवे लावले होते, दुसऱ्यात तिचे जुनेच. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "हे राहू दे. एखाद्या वर्षी हेच लागेल." तिची नात आता मोठी झाली आहे आणि लग्न होऊन सासरी आहे. तिचे बुडालेले शाळेचे वर्ष कोणत्याही वाणाने परत येणार नाही. म्हणून बियाण्याची पिशवी उचलताना मला आधी ती आठवते.

मंडळीत चर्चेसाठी

महिला मंडळात, तरुण संघात किंवा घरोघरच्या सभेत पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. आपण दान दिल्यावर कोणता आकडा ऐकायला उत्सुक असतो? त्या आकड्यामुळे काम करणाऱ्यावर कोणता दबाव येतो?

२. कोणी आपली मदत नाकारली, तर त्यामागचे कारण आपण कधी विचारले आहे का?

३. आपल्या घरी, गावी किंवा आजोळी पूर्वी कोणते भात, कोणती ज्वारी, कोणती नागली पेरत असत? ते का सुटले? मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

४. एका कुटुंबाला दोन-चार गुंठ्यांपुरते बी आणि दोन वर्षे सोबत, की अनेक कुटुंबांना एकदाच भरलेली पिशवी? आपले दान यांपैकी कशासाठी जावे असे आपल्याला वाटते?

पुढच्या मे महिन्यात पत्र लिहाल तेव्हा आपला प्रश्न जरूर विचारा. त्याखाली दुसऱ्या वर्षाचाही प्रश्न लिहा. उत्तरातला आकडा लहान असेल. तो लहान का आहे हेही मी कळवीन, आणि ज्यांनी बी सोडून दिले त्यांचे म्हणणेही त्यात असेल.

आपला सेवेतील बंधू